कॉफी खातात का?



मागच्या महिन्यात आमच्या पाड्यावर दोन गोष्टी आल्या. पहिली जंगल खात्याची नोटीस, प्लॉट खाली करा म्हणून. दिल्लीहून ३ मे २००२ ला निघालेल्या पत्रातली ३० सप्टेंबरची मुदत तेव्हाच आपल्या पोराबाळांनाही पाठ झाली होती. दुसरे आले एका योजनेचे साहेब. ते म्हणाले, नागली-वरईत काय पडलंय? काजू लावा, कलमं लावा, बाहेरदेशी जाणारा माल पिकवा, पैसा डॉलरमध्ये येतो. आंध्रात अरकूच्या डोंगरात आदिवासी कॉफी लावून सुधारले, तुम्ही अजून नागलीतच.

मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ती कॉफी खातात का?"

सगळे हसले. साहेबही हसले. मला मात्र वाटतं, बैठकीत कामाचं तेवढं एकच बोलणं झालं.

आपण कॉफी पीत नाही, आपला कोरा चहा. आपल्या राज्यात कॉफीचे मळे म्हणाल तर तिकडे मेळघाटात चिखलदऱ्याला, तेही थोडे. कॉफीचं झुडूप असतं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. लाल फळं हातानं खुडायची, साल काढायची, बी वाळवायचं. ते भाजून दळलं की कॉफी. लावल्यापासून फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे आज भाव बघून लावली तर तेव्हाचा भाव तुम्हाला माहीत नाही, आणि भाव पडला म्हणून उद्या उपटून नागली पेरता येत नाही. काजूचं, आंब्याचं तेच.

आता भावाचं ऐका. कॉफीचा भाव पिकवणारा ठरवत नाही. तो न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात ठरतो. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला एक रतल कॉफी (अर्ध्या किलोला थोडी कमी) तीन डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं शंभर रुपयांहून जास्त. २००१ साल संपता संपता तीच रतलभर कॉफी अर्ध्या डॉलरच्याही खाली, चोवीस रुपयांच्या आत. झाड तेच, खुडणारे हात तेच.

मग पिणाऱ्याला कॉफी स्वस्त झाली असेल? नाही. बंगलोर-मद्रासचा कारकून, रिक्षावाला सकाळी एक पेला कॉफी घेतोच. भाव चढला की पुडा लगेच महागतो, नाहीतर त्यात चिकोरीचं मूळ जास्त मिसळतात. भाव उतरला तरी पेल्याची किंमत तितकी उतरत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभरातल्या दुकानांत-हॉटेलांत वर्षाला सुमारे ३० अब्ज डॉलरची कॉफी विकली जायची, त्यातले १० ते १२ अब्ज पिकवणाऱ्या देशांना मिळायचे. २००२ पर्यंत विक्री ७० अब्जांवर गेली आणि पिकवणाऱ्या देशांना मिळायचे साडेपाच अब्ज. म्हणजे पिणाऱ्याच्या रुपयातले पूर्वी तेहतीस-चाळीस पैसे तरी इकडे यायचे, २००२ मध्ये आठ. त्यातून व्यापारी, गोदामवाला, सावकार यांचं उरलं तर शेतकऱ्याचं. बाकीचे पैसे भाजणाऱ्या-विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे. म्हणून पिणाऱ्यावर राग धरायचं कारण नाही, तोही लुबाडलाच जातोय.

असं का झालं? आधी कॉफी पिकवणारे आणि घेणारे देश यांच्यात करार होता, कोणी किती विकायची ते ठरलेलं, म्हणून भाव टिकून होता. जुलै १९८९ मध्ये करार मोडला आणि थोड्याच महिन्यांत भाव निम्म्यावर आला. आपल्याकडे सगळी कॉफी सरकारचं कॉफी बोर्ड एकत्र घेऊन विकायचं. त्याचा कारभार काही सोन्याचा नव्हता, पैसे उशिरा मिळायचे. पण १९९६ पर्यंत तेही सुटलं आणि दोन-चार एकरवाला शेतकरी थेट न्यूयॉर्कच्या भावापुढे उभा राहिला.

त्यात व्हिएतनाम. तिथल्या डोंगरी मुलखात एदे, जराय अशा आपल्यासारख्या जमाती. सपाटीवरची लाखो माणसं वर आणून वसवली, जंगल तोडलं, कॉफी लावली. काही वर्षांत तो देश कॉफीत जगात दुसऱ्या नंबरला गेला. फेब्रुवारी २००१ मध्ये तिथले हजारो आदिवासी आमच्या जमिनी परत द्या म्हणत रस्त्यावर आले, तर लष्कर घातलं. ज्यांची जमीन गेली त्यांना कॉफीही मिळाली नाही. आणि तीच कॉफी बाजारात ओतल्यावर भाव पडला तो आपल्या वायनाडपर्यंत.

वायनाड म्हणजे केरळातला डोंगरी जिल्हा. तिथे पणिया, अडिया वगैरे आदिवासींच्या जमिनी बाहेरून आलेल्यांनी कधीच घेतल्या. आदिवासी राहिले त्याच जमिनीवर मजूर म्हणून. कॉफी-मिरीचे भाव कोसळले तेव्हा मोठ्या मळेवाल्याचा नफा गेला, लहान शेतकरी कर्जात बुडाला, काहींनी जीव दिला. आणि मजुराचं? खुडणीच बंद झाली. घरात धान्य नाही, शेत नाही. २००१ च्या पावसाळ्यात केरळात आदिवासी भुकेनं मेले, त्या केरळात, ज्याला सगळे शहाणं राज्य म्हणतात. तेव्हा सी. के. जानू या अडिया बाईच्या पुढारपणाखाली आदिवासींनी ऑगस्टअखेरीला थेट राजधानीत झोपड्या बांधल्या. ४८ दिवस हलले नाहीत. मागणी काय केली? कॉफीला भाव द्या म्हणाले नाहीत. जमीन द्या म्हणाले. सरकारनं कबूल केलं. वाटप मात्र रेंगाळलं, ते आपल्याला नवीन नाही.

आता साहेबांच्या अरकूकडे येऊ. त्यांनी सांगितलं ते खोटं नाही. तिथे आदिवासींची एक-दोन एकर कॉफी आहे, सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेत, चार पैसे येतात. पण ज्यांची कॉफी आहे, ते त्याच्या जोडीला भात, नाचणीही पिकवतात. भाव पडला तर फळं खुडून विकतील, पडला नाही तर चांगलंच, चूल बाजारावर नाही. आणि तिथेच वन विकास महामंडळाचेही कॉफीचे मळे आहेत. त्यात आदिवासी मजुरी करतो. एकच डोंगर, एकच कॉफी. हे दुसरं साहेबांनी सांगितलं नाही.

मेक्सिकोतल्या आदिवासींनी सहकारी संघ काढून युरोपात थेट कॉफी विकली, १९८८ पासून हॉलंडमध्ये त्या कॉफीवर वेगळा शिक्का मारतात, पिणारे थोडे जास्त पैसे खुशीनं देतात. चांगलं आहे. पण जगाच्या विक्रीत ते मूठभर, आणि ते जमलं कारण जमीन गावाच्या हातात होती.

काजूला माझा विरोध नाही. बांधावर लावा, वरकस तुकड्यात लावा. नागलीच्या शेतात नको. आणि एक गोष्ट साहेबांना विचारून लिहून घ्या. प्लॉटवर मी काजू लावला, पाच वर्षं पाणी घातलं, तर झाड कोणाचं? पट्टा माझ्या नावावर नाही, तर उद्या खातं म्हणेल, जंगलजमिनीवरचं झाड आमचं, तू राखणदार. एका खात्याचा माणूस झाडं लावा म्हणतो आणि दुसऱ्याचा जमीन सोडा म्हणतो, दोन्ही एकाच सरकारचे. आधी त्यांनी आपसात ठरवावं.

साहेब पुन्हा येणार म्हणालेत. त्याआधी आपली बैठक आहे. येताना दंडाच्या जुन्या पावत्या, एकसालीचे कागद, जे असेल ते घेऊन या. उंदरानं कुरतडलेले असले तरी आणा, आपण नकला करून ठेवू.