उभ्या विमानाचं इंजिन
छोटं विमान महिनाभर हँगरमध्ये उभं राहिलं, की मालक काळजीपोटी अधूनमधून दहा मिनिटं इंजिन जमिनीवरच चालवतो. हे थांबायला हवं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, तिच्यातली थोडी तेलात उतरते आणि तेल उड्डाणात तापतं तेवढं तापल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. लायकॉमिंगच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्याही वर असतो. त्याच्यावरचं तेल निथळून जातं, मग गंज तिथेच धरतो आणि पुढे टॅपेट खरवडले जातात. हातानं पंखा फिरवणंही नको, उरलासुरला थरही पुसला जातो. जमेल तेव्हा तासभर उडवावं. ते शक्यच नसेल, तर संरक्षक तेल भरून स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग बसवावेत. त्यातले निळे दाणे गुलाबी झाले, की लगेच बदलावेत.