आखाड्यावरच्या कुत्र्यालाही लस हवी

हट्ट्याच्या शिवारातले आखाडे असोत की कळमनुरी-औंढ्याच्या माळावरच्या आंध आदिवासींच्या वस्त्या, रात्रीची राखण कुत्राच करतो. रानडुकरं पिटाळतो, शेरडं सांभाळतो. त्याच्या औषधपाण्याचं मात्र कोणी मनावर घेत नाही. म्हणून हे मुद्दे.

१. प्रश्न माणसांच्या जिवाचाही आहे. रेबीजची लक्षणं दिसली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच लस घ्यायची. त्यासाठी मजुराला रोज बुडवून चार-पाच खेपा घालाव्या लागतात. कुत्र्याला वर्षातून एकदा लस टोचली, तर रेबीजचा धोका खूप कमी होतो.

२. दवाखान्यानं वस्तीवर यावं. बैलासारखं दाव्याला धरून कुत्र्याला नेता येत नाही आणि टमटमवाला त्याला आत घेत नाही. त्यामुळे कानामागच्या जखमेत आळ्या वळवळत असतात आणि मालक हळद दाबून वाट बघतो. आळ्या काढून जखम धुणं हे थोड्या वेळाचं काम आहे, पण त्याअभावी कुत्रा तडफडून मरतो.

३. वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला पथक गोठ्यापर्यंत येतंच. रेबीजची लसही तशीच २ ते ८ अंशांत ठेवायची असते. ती त्याच पेटीतून येऊ शकते. पशुगणनेत कुत्रा मोजता, मग लसीकरणात का वगळता? परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांची शिबिरं या वस्त्यांवर भरवावीत. 'उमेद' अभियानाच्या पशुसखींना सोबत घ्यावं; कोणाच्या दारी किती कुत्री आहेत, हे त्यांना तोंडपाठ असतं.

४. हे होण्यासारखं आहे. गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. गोव्यात पथकं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.

५. ठराव करा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी वस्तीवार यादी करावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वार्षिक लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदीचा ठराव घ्यावा. त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आणि कळमनुरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्यावी, आणि पथकाची तारीख लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.