सहल लोहाराच्या पालावर न्यावी

गेल्या शनिवारी वर्गात सहलीचा विषय निघाला. बाईंनी फळ्यावर तीन नावे लिहिली : जीवदानीचा डोंगर, अर्नाळ्याचा किल्ला आणि वॉटरपार्क. वॉटरपार्कला सर्वांत जास्त हात वर झाले. मी उभी राहून म्हटले, "बाई, चौथे नाव लिहा. रस्त्याकडेच्या लोहाराचे पाल." सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणाले, "तिथे काय, कोयते बघायचे?"

होय, कोयतेच बघायचे. त्या वेळी मला नीट बोलता आले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. पालकसभेला येणाऱ्या पालकांनीही हे वाचावे, कारण खरी हरकत त्यांचीच आहे.

दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे, भातकापणीच्या तोंडावर, घिसाडी लोकांचे पाल आपल्याकडे पडते. शाळेपासून चालत दहा मिनिटे. या कारखान्याला दार नाही, फाटक नाही, तिकीट नाही. आपण सगळे रोज त्याच्यासमोरून जातो, पण थांबत कोणी नाही. मीसुद्धा थांबले नसते. आजीच्या विळीची धार गेली म्हणून तिच्याबरोबर गेले आणि दोन तास तिथेच बसले. आजी कंटाळून घरी गेली.

आता बघितले ते सांगते. कोयता नव्या लोखंडाचा करत नाहीत. ट्रकच्या खाली वजन पेलायला जे वाकडे पाटे असतात, त्यातला जुना पाटा भंगारातून आणतात. ते पोलाद चांगले असते, लवते पण मोडत नाही. जमिनीत खड्डा करून भट्टी केलेली, तिला हाताने फिरवायचा पंखा. पूर्वी चामड्याचा भाता असायचा असे बाबा म्हणाले (लोहारबाबा, माझे बाबा नव्हे). पाट्याचा तुकडा लाल झाला की बाबा तो सांडशीने धरून ऐरणीवर ठेवतात आणि मावशी घण घालते. बाईमाणूस घण घालते हे पाहून मी बघतच राहिले. बाबांच्या हातात छोटी हातोडी असते. ते तिने जिथे टक् करतात, तिथेच मावशीचा घण पडतो. दोघे एक शब्द बोलत नाहीत. टक्, धाड्. टक्, धाड्. लोखंड काळे पडू लागले की लगेच परत भट्टीत, कारण थंडावर घाव घातला तर त्याला चीर जाते.

वर्तमानपत्रात नेहमी येते, अमुक प्रश्न ऐरणीवर आला. मला वाटायचे ऐरण म्हणजे काहीतरी उंच जागा असेल. आपल्या आया 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटातले ऐरणीचे गाणे गुणगुणतात, पण ऐरण पाहिलेली किती जणींनी? मी घरी विचारले, तर आईनेही पाहिलेली नव्हती.

सगळ्यात नवल वाटले ते पाणी देण्याचे. कोयत्याला आकार आला, कानस फिरवली, की झाले असे नाही. धारेची बाजू पुन्हा लाल करतात (हे सुमारे ८०० अंश सेल्सिअस असते, असे गुरुजींनी नंतर सांगितले) आणि पाण्यात बुडवतात. चर्रर्र आवाज होतो. यामुळे लोखंड कडक होते, पण इतके कडक की काचेसारखे फुटेल. म्हणून पाते पूर्ण गार करत नाहीत. पाठीकडे ऊब राहू देतात, धार दगडावर घासून चकचकीत करतात आणि बघत बसतात. पाठीची ऊब हळूहळू धारेकडे येते आणि धारेवर रंग चढतो. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा रंग म्हणजे २३० अंशांच्या आसपास आणि निळा म्हणजे ३०० च्या आसपास. वस्तऱ्यासारख्या पात्याला पिवळ्यावरच थांबतात. कोयता लाकडावर आपटायचा असतो, म्हणून त्याला निळ्याजवळ जाऊ देतात. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात! बाबांकडे तापमापक नाही. ते भट्टीवर सावली धरतात आणि रंग बघतात. आपण विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेचे वहन शिकलो, दहापैकी दहा गुण मिळाले, पण वहन मी पहिल्यांदा पाहिले ते इथे. माणसाने आपले पाणी दाखवले असे आपण म्हणतो, ते पाणी हेच असावे असे मला वाटते.

आता पालकांची हरकत. एका मैत्रिणीच्या आईने सांगितले, "मुलांना सुऱ्या-कोयते कशाला दाखवायचे? पेपरात रोज कोयता गँगच्या बातम्या येतात." काकू, बातम्या मीही वाचते. पण आपल्या भागात कोयता कोणाकडे नाही? आगाशीकडे केळीचा घड कोयत्यानेच उतरवतात, नारळ सोलतात. डोंगराकडच्या पाड्यांवरून शाळेत येणाऱ्या आपल्या मुलांचे वडील तो कमरेला लावूनच रानात जातात. अर्नाळ्याच्या मावश्या विळीवर मासळी कापतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू शस्त्रात धरलेल्या नाहीत, असे गुरुजींनी सांगितले. आणि खंडेनवमीला कोयत्यावर हळदकुंकू वाहायचे, पण तो घडतो कसा हे मुलांनी बघायचे नाही, हे मला तरी पटत नाही. ठिणग्यांची भीती मात्र खरी आहे. मावशीने मला चार हात लांब बसवले होते. तसेच सगळ्यांना बसवावे, आणि पायात चपला हव्यातच.

दुसरे कोणी म्हणाले, ते काळे काम आहे, त्यातून काय शिकायचे? मायकेल फॅरेडे यांचे नाव आपण विजेच्या धड्यात ऐकले. ते १७९१ साली जन्मले, आणि त्यांचे वडील लोहार होते. तरुणपणी १८१९-२० च्या सुमारास फॅरेडे लंडनच्या जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादाचा अभ्यास करत होते. त्या वेळी त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत आपल्या दक्षिण भारतातले उट्झ नावाचे पोलादही होते. फ्रान्समध्ये तिएर म्हणून सुऱ्यांचे गाव आहे. तिथे पूर्वी कामगार नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडावर फळी टाकून, तिच्यावर पालथे झोपून धार लावत, आणि थंडीत पायांवर कुत्रा बसवून घेत, तेवढीच ऊब! आज तिथे संग्रहालय आहे, कारागीर लोकांसमोर सुरी करून दाखवतात आणि लोक ते बघायला लांबून जातात. आपल्याला फक्त रस्ता ओलांडायचा आहे.

पण मी हात वर केला तो एवढ्यासाठीच नाही. पंखा फिरवायला तिथे एक मुलगी बसते, माझ्याएवढीच. मी मराठीचे पुस्तक दप्तरातून काढले, तर तिने एक पान सावकाश वाचून दाखवले. तिसरीपर्यंत ती दुसऱ्या गावी शाळेत गेली होती. मग पाल हलले, शाळा सुटली. "सातवीत काय शिकवतात गं?" असे तिने विचारले. मी सांगत होते तोवर तिचा हात थांबला आणि भट्टी मंदावली, तेव्हा बाबा तिच्यावर ओरडले.

मी गुरुजींना विचारले. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही नाव घालता येते, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवायचे असते. म्हणजे ती आमच्याच बाकावर बसू शकते. मी हे पळत जाऊन बाबांना सांगितले. ते म्हणाले, "पोरी, महिन्याभरानं आमी पुढच्या गावाला जाणार. आन् तवर पंखा कोण फिरवंल? तू?"

याचे उत्तर मला आले नाही. अजूनही येत नाही. एक महिना तर एक महिना, तिने यावे असे मला वाटते, पण पंख्याचे काय करायचे ते मोठ्या माणसांनी सांगावे. त्यासाठी तरी सर्वांनी एकदा तिथे जाऊन उभे राहावे. वॉटरपार्क कुठे पळून जात नाही, पाल मात्र भातकापणी संपली की उठेल.

पालकसभा येत्या शनिवारी आहे. तेव्हा बाईंनी पुन्हा हात वर करायला सांगावे अशी माझी विनंती आहे. सहल ठरली तर प्रत्येकाने घरची बोथट विळी किंवा कोयता धार लावायला आणावा, म्हणजे आपण नुसते बघे होणार नाही आणि त्यांचा वेळही फुकट जाणार नाही. धारेचे पैसे वेगळे आणावेत. पाते गोणपाटात नीट गुंडाळून, वरून सुतळी बांधून, पालकांनी स्वतः बाईंच्या हातात द्यावे. दप्तरात घालू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी