अलिखित नियम मोडणारा हंगाम

एखादी अन्याय्य रूढी कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली असली, तर ती कोणत्या कलमाने आली आणि कोणते कलम रद्द केल्याने जाईल, हे निदान सांगता तरी येते. परंतु जी रूढी कोठेच लिहिलेली नसते आणि तरीही सर्वजण निमूटपणे पाळीत असतात, तिच्याशी झगडणे फार कठीण असते. तिच्याविषयी कोणी विचारले, तर "आमच्याकडे असा नियमच नाही," असे साळसूद उत्तर मिळते. अमेरिकेच्या धंदेवाईक बेसबॉलमध्ये अशीच एक अलिखित रूढी सुमारे साठ वर्षे चालत आली होती. प्रमुख संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. या अदृश्य सीमेला तेथे 'वर्णरेषा' म्हणत. ब्रुकलिन डॉजर्स या संघाच्या १९४७ च्या हंगामात ती रेषा ओलांडली गेली. ती कशी ओलांडली गेली आणि त्याचे मोल कोणी दिले, याची हकीकत खेळाची आवड नसलेल्यांनीही वाचावी अशी आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचा परिचय क्रिकेटशी असेल, बेसबॉलशी नसेल. म्हणून आधी त्या खेळाची थोडक्यात ओळख करून देणे अवश्य आहे. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो आणि फलंदाज गोल दांडक्यासारख्या बॅटने तो टोलवितो. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. एकामागून एक बेस गाठीत फलंदाज मूळ ठिकाणी परतला म्हणजे एक धाव होते. तीन गडी बाद झाले की डाव संपतो, आणि असे प्रत्येकी नऊ डाव खेळावयाचे असतात. बेसवर उभा असलेला खेळाडू पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर सुखरूप पोचला, तर त्याने 'बेस चोरला' असे म्हणतात. या चोरीची मात्र कोणाला लाज वाटत नाही. तिची हिशेबात अभिमानाने नोंद होते.

त्या काळी नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन प्रमुख लीग होत्या व प्रत्येकीत आठ संघ होते. एप्रिलपासून सप्टेंबर अखेरपर्यंत प्रत्येक संघ १५४ सामने खेळे आणि दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये वर्ल्ड सिरीज होई. १५४ सामने म्हणजे जवळजवळ रोजचा खेळ! एवढे दिवस संघातील माणसे एकाच आगगाडीने प्रवास करतात, एकाच हॉटेलात उतरतात, एकाच खोलीत कपडे बदलतात. पुढे घडलेल्या गोष्टी समजण्यासाठी हा रोजचा सहवास ध्यानात ठेवावयास हवा.

ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचाच एक भाग. तेथील रस्त्यांवर ट्रॅमगाड्यांची एवढी गर्दी असे की, रहिवाशांना 'ट्रॅम चुकविणारे' असे गमतीने म्हणत. त्यावरून संघाचे नाव डॉजर्स पडले. या संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी हे धर्मनिष्ठ, कायद्याचे शिक्षण घेतलेले आणि व्यवहारात अत्यंत चतुर असे गृहस्थ होते. तरुणपणी ते ओहायो वेस्लियन महाविद्यालयाच्या संघाचे शिक्षक असताना संघातील चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला एका हॉटेलने खोली नाकारली. रिकींनी हुज्जत घालून त्याला आपल्याच खोलीत घेतले. त्या रात्री तो तरुण आपल्या हातांची कातडी खरवडत रडत होता, ही आठवण रिकी पुढे आयुष्यभर सांगत असत. अर्थात, त्यांच्यापुढे केवळ ही आठवणच होती असे नव्हे. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये उत्तमोत्तम खेळाडू आहेत, ते आले तर आपला संघ जिंकेल आणि तिकिटेही खपतील, हा हिशेबही त्यांनी मनाशी केलेला होता. मोठ्या सुधारणांच्या मुळाशी पुष्कळदा सद्बुद्धी आणि स्वार्थ ही दोन्ही एकत्र नांदत असतात.

त्यांनी निवडलेला खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन. जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यात. वडील घर सोडून गेले आणि आईने मोलमजुरी करून कॅलिफोर्नियात पाच मुले वाढविली. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात त्याने चार निरनिराळ्या खेळांत नाव मिळविले. महायुद्धाच्या काळात तो सैन्यात अधिकारी झाला. १९४४ साली टेक्सासमधील छावणीत बसच्या मागील भागात जाऊन बसण्याचा हुकूम त्याने मानला नाही, तेव्हा त्याला लष्करी न्यायालयासमोर उभे राहावे लागले व तेथून तो निर्दोष सुटला. म्हणजे रॉबिन्सन हा स्वभावाने सोशिक मुळीच नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणि रिकींनी त्याच्याकडे मागितले ते नेमके सोशिकपणच! २८ ऑगस्ट १९४५ रोजी दोघांची भेट झाली. रिकींनी हॉटेलचा उर्मट कारकून, मग्रूर प्रतिस्पर्धी, शिवीगाळ करणारा प्रेक्षक अशा भूमिका स्वतः वठवून, पुढे काय ऐकावे लागेल ते रॉबिन्सनला दाखविले. उलट हात न उचलण्याइतके धैर्य ज्याच्यात आहे असा माणूस मला हवा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एकदा जरी रॉबिन्सन चिडून अंगावर गेला, तर "पाहा, आम्ही म्हणत होतो तेच झाले," असे म्हणावयास सारे टपून बसलेले होते. रॉबिन्सनने शब्द दिला. १९४६ साली तो डॉजर्सच्या हाताखालील माँट्रियल संघाकडून खेळला आणि त्या संघाने आपल्या लीगचे विजेतेपद मिळविले.

१९४७ च्या वसंत ऋतूत संघ सरावासाठी क्यूबा व पनामा येथे गेला असताना पहिला विरोध घरातूनच झाला. दक्षिणेकडील काही खेळाडूंनी रॉबिन्सनबरोबर खेळण्यास नकार देणारा अर्ज तयार केला. परंतु पी वी रीस हा खेळाडू स्वतः दक्षिणेकडील केंटकी राज्याचा असूनही त्याने सही केली नाही. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी मध्यरात्री सर्वांना उठवून सुनावले की, जो संघाला जिंकून देईल तो खेळेल, मग त्याचा रंग कोणताही असो. आणि त्याच्यामुळे तुमच्या खिशातही पैसे पडतील. अर्ज तेथेच विरला. गंमत अशी की, हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर एका वेगळ्याच कारणाने ड्युरोशर यांच्यावर वर्षभराची बंदी आली आणि संघाची सूत्रे बर्ट शॉटन या वयस्क गृहस्थांकडे गेली. खेळाडूंचा गणवेश न घालता साध्या पोशाखात बसून ते संघ चालवीत.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर बोस्टन ब्रेव्हज संघाविरुद्ध रॉबिन्सन पहिल्या बेसवर उभा राहिला. प्रेक्षकांत त्याची पत्नी रेचेल पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन बसली होती. त्या दिवशी त्याला एकही यशस्वी टोला मारता आला नाही. तरी त्याने एक धाव काढली आणि डॉजर्सनी सामना ५-३ असा जिंकला. इतिहास घडला तो असा, काहीसा साध्याच रीतीने.

खरी कसोटी पुढच्याच आठवड्यात लागली. फिलाडेल्फियाचा फिलीज संघ ब्रुकलिनला आला, तेव्हा त्याचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी आणि त्यांच्या खेळाडूंनी रॉबिन्सनवर अशा शिव्यांचा वर्षाव केला की, त्या येथे छापता येणार नाहीत. त्या दिवशी आपला संयम सुटण्याच्या अगदी बेतात आला होता, असे रॉबिन्सनने पुढे स्वतःच सांगितले. पण त्याने उत्तर दिले ते खेळाने. आठव्या डावात टोला मारून तो पहिल्या बेसवर आला, दुसरा बेस चोरला, प्रतिपक्षाच्या चुकीमुळे तिसऱ्यावर पोचला आणि सहकाऱ्याच्या टोल्यावर धाव पुरी केली. सामना १-० असा संपला. ती एकमेव धाव रॉबिन्सनची होती. त्या मालिकेत आणखी एक गोष्ट घडली. रॉबिन्सनच्या येण्याने आपण खूश नाही, असे आरंभी त्याच्या तोंडावर सांगणारा एडी स्टँकी हाच खेळाडू उठला आणि, ज्याला उत्तर देता येते अशा कोणावर तरी ओरडा, असे त्याने प्रतिपक्षाला बजावले. आदल्या महिन्यात जो 'परका' होता, तो आता 'आपला' झाला होता.

मे महिन्यात सेंट लुइस कार्डिनल्स संघाचे काही खेळाडू रॉबिन्सनविरुद्ध संप करण्याच्या विचारात असल्याचे वृत्त न्यूयॉर्कच्या 'हेरल्ड ट्रिब्यून' पत्राने प्रसिद्ध केले. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी संप करणाऱ्यांना निलंबित करण्याची भूमिका घेतली आणि संप झाला नाही. तरीही त्रास संपला नव्हता. ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत. काही शहरांतील हॉटेले रॉबिन्सनला थारा देत नसत. या प्रवासात त्याच्या सोबतीला असलेले कृष्णवर्णीय वृत्तपत्रकार वेंडेल स्मिथ यांनाही वार्ताहरांच्या कक्षात इतरांबरोबर बसू दिले जात नसे. पुष्कळदा दिवसभराचे सारे गिळून रॉबिन्सन घरी येई. घर म्हणजे ब्रुकलिनमधील दुसऱ्या कोणाच्या बिऱ्हाडातील एक खोली. जे मैदानावर बोलावयाचे नाही ते ऐकून घेणारी रेचेल तेथे होती. या हंगामाच्या हिशेबात तिचा वाटा कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण तो लहान नव्हता.

हंगामाअखेर आकडे बोलू लागले. रॉबिन्सनने १५१ सामन्यांत १२५ धावा काढल्या, १२ होमरन मारले आणि २९ बेस चोरले. बेस चोरण्यात साऱ्या नॅशनल लीगमध्ये तो पहिला होता. त्याची सरासरी ·२९७ होती. म्हणजे हजारामागे २९७ यशस्वी टोले. त्या वर्षी प्रथमच सुरू झालेला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला. डॉजर्सनी ९४ सामने जिंकून कार्डिनल्सना पाच सामन्यांनी मागे टाकले व लीग जिंकली. एबेट्स फील्डवर त्या हंगामात अठरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. रिकींचा हिशेब चुकला नव्हता.

वर्ल्ड सिरीजमध्ये गाठ पडली ती न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाशी. दूरचित्रवाणीवरून दाखविली गेलेली ही पहिलीच वर्ल्ड सिरीज. चौथ्या सामन्यात यांकीजचा पिचर बिल बेव्हन्स याने शेवटच्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत डॉजर्सना एकही यशस्वी टोला मारू दिला नव्हता. एवढ्यात कुकी लॅव्हाजेटो याने एक टोला लगावला, दोन धावा झाल्या आणि बेव्हन्सच्या हातातून विक्रम व सामना दोन्ही निसटले. तरीही सातवा सामना यांकीजनी ५-२ असा जिंकला आणि डॉजर्स पराभूत झाले. जगज्जेतेपदासाठी ब्रुकलिनला १९५५ पर्यंत थांबावे लागले.

मग या हंगामात जिंकले काय? याचे उत्तर शोधताना घाईने टाळ्या वाजविणे बरे नव्हे. एका हंगामाने वर्णद्वेष नाहीसा झाला नाही. जुलैमध्ये लॅरी डोबी हा क्लीव्हलँड संघात आला आणि हंगाम संपेपर्यंत प्रमुख संघांतून खेळलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या पाचवर गेली. परंतु बोस्टन रेड सॉक्स या संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो थेट १९५९ साली. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रिकींनी रॉबिन्सनला घेताना त्याच्या आधीच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाला काहीही मोबदला दिला नाही. चांगले खेळाडू आणि प्रेक्षक दोन्ही ओसरू लागल्यावर, कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बळावर उभारलेल्या लीग हळूहळू मोडल्या. दार उघडले, पण ते उघडणाऱ्यांच्या अटींवर.

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ही रूढी नुसत्या भाषणांनी मोडली नाही. एका माणसाने दार उघडले, दुसरा त्यातून आत गेला, आणि पुढे रोजच्या सामन्यांनी, रोजच्या प्रवासाने व रोजच्या शेजाराने तिची मुळे सैल केली. मात्र त्या सहवासाची किंमत सर्वांनी सारखी दिली नाही. स्टँकीला ओरडता आले, रॉबिन्सनला नाही. इतरांना आपले मत बदलण्यास अवधी मिळावा म्हणून तो गप्प राहिला. पुढे निर्बंध सुटल्यावर तो मैदानावर व मैदानाबाहेरही स्पष्टपणे बोलू लागला, तेव्हा काल त्याच्या सहनशीलतेची स्तुती करणाऱ्यांपैकी काहींना तो उद्धट वाटू लागला, हेही विसरून चालणार नाही.

रॉबिन्सन १९७२ साली, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी निवर्तला. १९९७ साली त्याच्या पाठीवरील ४२ हा आकडा सर्वच संघांनी त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला. आता दरवर्षी १५ एप्रिलला सारे खेळाडू तोच आकडा घालून मैदानात उतरतात. २०१६ साली फिलाडेल्फियाच्या नगरपरिषदेने त्या शिवीगाळीबद्दल ठराव करून क्षमा मागितली. सन्मान उशिरा का होईना, झाला हे चांगलेच. परंतु आपल्या घरी, शाळेत, कचेरीत जे नियम कोणी लिहिलेले नाहीत आणि तरीही सगळे पाळतात, त्यांच्याकडे पाहताना या हंगामाची आठवण ठेवावी. तेथेही कोणीतरी निमूटपणे सोसत असेल. त्याच्या संयमाचे कौतुक करण्यापूर्वी, त्याला तो बाळगावा का लागतो, हे प्रत्येकाने आधी स्वतःला विचारले पाहिजे.