सही कोणाची, कशी घ्यावी?



छंद म्हटला की आपल्या वस्तीतले आईबाप दचकतात. कोळसा खाणीत किंवा चुनाभट्टीवर राबणाऱ्याच्या घरी वह्या-पुस्तकांचीच ओढाताण, तिथे छंदाला पैसा कुठून आणायचा? पण नामवंतांच्या सह्या जमवण्याचा छंद एका कोऱ्या वहीत आणि एका पेनात भागतो. वणीसारख्या तालुक्याच्या गावी राहूनही तो करता येतो, म्हणून आज त्याविषयी दोन शब्द.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्याकडे टीव्ही पोचायला पुढे बरीच वर्षे लागली. १९८७ मध्ये 'रामायण' आणि १९८८ मध्ये 'महाभारत' सुरू झाले तेव्हा वस्तीत एखाद्याच घरी संच असे. आपली मुले दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत. कुणी 'आत या' म्हणे, कुणी दार लोटून घेई. लोक संचाला हार घालत, उदबत्ती लावत. नटालाच देव समजू लागले. त्याच लाटेत सीतेचे काम करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून गेले!

म्हणून मुलांच्या हाती सहीची वही देताना आधी एवढे सांगावे की, नट वेगळा आणि त्याची भूमिका वेगळी. 'महाभारता'तला भीम म्हणजे प्रवीणकुमार सोबती. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीची सुवर्णपदके मिळवणारा हा खेळाडू. पण उतारवयात त्यांना सरकारकडे जाहीरपणे निवृत्तिवेतन मागावे लागले. २०२२ मध्ये ते गेले. चिमणराव-गुंड्याभाऊंच्या जोडीतले बाळ कर्वे २०२५ मध्ये गेले. ज्यांनी आपल्याला हसवले-रडवले त्या कलावंतांना त्यांच्या हयातीतच दोन शब्द लिहावेत. त्यांनाही ते हवे असतात.

श्याम बेनेगलांच्या 'संविधान' मालिकेत (२०१४) सचिन खेडेकरांनी आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत सागर देशमुखांनी बाबासाहेब साकारले. असे कलावंत भेटले तर सही जरूर घ्या, काम आवडल्याचे सांगा. पण पायावर डोके ठेवू नका. बाबासाहेब भेटतात ते त्यांच्या ग्रंथांत.

आता थोडे व्यवहाराचे. नाटक संपल्यावर कलावंत थकलेला असतो. रांगेत उभे राहावे, आपले नाव सांगावे, वही उघडून पेनासह पुढे करावी. चुरगळलेला कागद किंवा बसचे तिकीट पुढे करू नये. सहीखाली तारीख आणि गाव आपण लिहावे. शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन बरा, ओल लागली तरी सही पसरत नाही. वही उन्हात ठेवू नये. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर पत्र लिहावे आणि आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवावे. उत्तर नाही आले तर राग धरू नये. विकतची सही मात्र कधी घेऊ नका. छापील सही भिंगाखाली ठिपक्यांची दिसते आणि कागदावर पेनाचा दाब उमटत नाही.

हल्ली सगळे सेल्फी काढतात. पण सही करताना तो मोठा माणूस क्षणभर थांबतो, तुमचे नाव विचारतो आणि स्वतःच्या हाताने लिहितो. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्यांच्या लेकराला हा मान मोठा आहे.

आणि सह्यांचे सगळ्यात मोठे पान कोणते, हेही मुलांना सांगा. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या २८४ सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. ज्या बाबासाहेबांनी शाळेत वर्गाबाहेरचे जिणे सोसले, त्यांची सही त्यात आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या काळी कागदावर अंगठाच उठवावा लागे.

तेव्हा वहीचे पहिले पान नटांसाठी ठेवू नका. ज्या आजीने म्हातारपणी साक्षरता वर्गात बसून आपले नाव गिरवले, तिची सही त्या पानावर घ्या. तिला पाच मिनिटे लागतील. लागू द्या.