सांधा एकजीव झाला पाहिजे

गेल्या कार्तिकात आमच्या जामसांवलीच्या बागेत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असताना लोखंडी शिडीची एक पायरी निखळली. धाकट्या बंधूने नुकतेच वेल्डिंगचे लहान इन्व्हर्टर यंत्र आणले होते. ‘एवढे तर मीही करीन’ म्हणून मी पुढे सरसावलो. ठिणग्या उडाल्या, पायरी बसली, वरून रंग दिला. सांधा दिसायला देखणा झाला. तिसऱ्या दिवशी तीच पायरी बंधूच्या पायाखालून सुटली व तो कमरेएवढ्या उंचीवरून खाली आला. पाय मुरगळण्यावर निभावले. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही.

ती पायरी घेऊन मी सौंसरच्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. तुटलेल्या जागेवरून बोट फिरवून तो म्हणाला, “गुरुजी, लोखंड तापलं तुमचं, पण वितळलं नाही. मेण ओतल्यावाणी झालं हे.”

मराठीचा अध्यापक असूनही शब्दांतला भेद मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगला. डाख देणे आणि झाळणे यांत मूळ धातू वितळत नाही. दुसराच धातू वितळून दोहोंना धरून ठेवतो. वेल्डिंगला आपल्या शास्त्रीय परिभाषेत ‘वितळजोड’ म्हणतात, कारण तेथे दोन्ही कडा स्वतः वितळून एकमेकींत मिसळतात. लोखंड सुमारे १५४० अंश सेल्सिअसला वितळते. माझ्या सांध्यात वितळला तो केवळ रॉड.

कारागिराने सांगितलेली पहिली गोष्ट स्वच्छतेची. गंज, रंग, तेल घासून लोखंड चकचकीत करावे. अर्थिंगचा चिमटाही स्वच्छ जागीच लावावा. जाड पट्टीच्या कडा तिरप्या घासाव्यात, म्हणजे वितळलेला धातू तळापर्यंत पोहोचतो. साधारण कामाला २.५ मिलिमीटरचा रॉड घेतल्यास ६० ते ९० अँपिअर, ३.१५ चा घेतल्यास ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह कमी पडला तर धातू वरच साचतो. अधिक झाला तर पातळ पत्र्याला भोक पडते. रॉडचे टोक व लोखंड यांतील अंतर रॉडच्या जाडीएवढेच असावे. रॉड किंचित कलता धरून सावकाश, एका गतीने ओढावा आणि दृष्टी ठिणगीवर न ठेवता तिच्यामागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवावी. दुसरा थर देण्यापूर्वी मळी पूर्ण काढावी. पावसाळ्यात रॉड बंद डब्यात कोरडे राखावेत.

जिवाची काळजी तर त्याहून आधी. दहा क्रमांकाच्या काचेचा मुखवटा, चामडी हातमोजे, जाड सुती कपडे व बंद जोडे हवेतच. उघड्या डोळ्यांनी ज्योत पाहिल्यास त्या क्षणी काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून मुलांना जवळ उभे राहू देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेले नळ तसेच जोडू नयेत. त्या धुराने थंडीताप भरतो. तेलाचा वा पेट्रोलचा रिकामा डबाही कधी जोडावयास घेऊ नये. आतील वाफेचा स्फोट होतो. ओल्या जमिनीवर काम करू नये.

आता मी भंगारातले तुकडे जोडतो, शेगड्यात आवळून हातोडीने मोडतो व आतला भाग न्याहाळतो. तेथे पोकळी वा मळीची रेघ दिसली की पुन्हा आरंभ. हा सराव मुलांच्या शुद्धलेखनासारखाच आहे; चूक दिसल्यावाचून सुधारत नाही. गेल्या महिन्यात बागेच्या फाटकाची बिजागरी मीच जोडली. शिडी मात्र त्या कारागिरानेच जोडून दिली. ज्यावर माणसाचा भार पडणार, तो सांधा अजून माझ्या हाताचा नव्हे, हे मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही.

यंदाच्या तोडीला बंधू त्याच शिडीवर चढला. मी खाली उभा राहून ती धरली होती.