युद्धाचा व्हिडिओ की 'आर्मा ३'? एकाच गेमचं फुटेज पुन्हा पुन्हा का फसवतं

८ मे २०२५ ची रात्र. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं आणि जम्मूत ब्लॅकआउट झाल्याच्या बातम्या येत होत्या. साताऱ्याहून मावशीचा फोन आला. तिचा मुलगा जम्मू भागात पोस्टिंगला आहे आणि संध्याकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. "तुला एक व्हिडिओ पाठवलाय, बघ. हे आपल्या दादाच्या तिथलं आहे का रे?"

व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मिट्ट काळोख, हलता कॅमेरा, आकाशात झपझप जाणाऱ्या लाल गोळ्यांची रांग आणि पेट घेऊन खाली येणारं विमान. मी दोन सेकंदांत ओळखलं, कारण इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर हा गेम रात्र रात्र खेळलोय. "मावशी, हा गेम आहे."

ती म्हणाली, "कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. 'मी खेळलोय' हा काही पुरावा नाही. त्या 'कशावरून'चं उत्तर म्हणजे हा लेख.

हा गेम आहे तरी काय?

'आर्मा ३' हा चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा २०१३ सालचा लष्करी शूटर गेम. यात एकट्याने हिरोगिरी चालत नाही. तुकडीने मिळून हालचाल करायची, आडोसा धरायचा, एकमेकांना कव्हर द्यायचं. 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखं धावत सुटलात तर एक-दोन गोळ्यांत खेळ खलास. याचा 'अल्टिस' हा नकाशा ग्रीसच्या लेमनॉस बेटावर बेतलेला आहे आणि सुमारे २७० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यापेक्षा मोठा.

मग नेमका हाच गेम का?

ग्राफिक्स भारी आहेत म्हणून? नाही. त्याहून देखणे गेम कितीतरी आहेत. पण इथे गोष्टी खऱ्यासारख्या *वागतात*. गोळीला लांब जायला वेळ लागतो आणि वाटेत ती खाली झुकते. दूरचा स्फोट आधी दिसतो, आवाज मागून येतो.

दुसरं कारण मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली भर. कंपनीच्याच सांगण्यानुसार असे २० हजारांहून जास्त मॉड आहेत. पबजीवाले ब्रेंडन ग्रीन यांनी आपला पहिला बॅटल रॉयल 'आर्मा २'च्या मॉडवरच उभा केला होता, यावरून हे दार किती उघडं आहे ते लक्षात येईल. कुठल्याही देशाचा रणगाडा, विमान, गणवेश यात आणता येतो. सोबत गेममध्येच एडिटर आहे. आज बातमीत जे युद्ध आहे, ते संध्याकाळपर्यंत कोणीही घरबसल्या उभं करू शकतं.

फसणारे साधेसुधे नव्हते

२०११ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने एका माहितीपटात 'आर्मा २'चं दृश्य आयआरएने हेलिकॉप्टर पाडल्याचं खरं फुटेज म्हणून दाखवलं. पुढे तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने वाहिनीला दोषी धरलं. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी 'आर्मा ३'ची क्लिप पंजशीरमधला पाकिस्तानी हवाई हल्ला म्हणून चालवली.

बाकीचे गेमही यातून सुटलेले नाहीत. २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने एका मोबाइल गेमचं चित्र पुरावा म्हणून दिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाने 'डीसीएस वर्ल्ड' या विमानांच्या गेमची क्लिप शेअर केली.

म्हणजे संपादक फसले, मंत्रालयं फसली (किंवा त्यांनी फसवलं). मावशीला 'काहीही काय बघतेस' म्हणायचा मला काय अधिकार?

खराब क्वालिटी हाच मुखवटा

इथे आपली समजूत नेमकी उलटी असते. आपल्याला वाटतं, व्हिडिओ अस्पष्ट आहे म्हणजे कुणीतरी घाईत, जीव मुठीत धरून काढला असणार. पण गेमच्या ग्राफिक्समधले दोष झाकायला अस्पष्टपणाच सगळ्यात उपयोगी पडतो. रात्र निवडली की झाडं, माती, भिंती दाखवायला नकोत. कॅमेरा हलवला की कडा दिसत नाहीत. आवाज काढला की आणखी एक खूण गेली. वर व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे उरलेलं कामही आपोआप होतं. थर्मल कॅमेऱ्याचं काळं-पांढरं दृश्य तर खरंही तसंच दिसतं आणि गेममधलंही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमियाने स्वतःच निवेदन काढून याच खुणा सांगितल्या: कमी रेझोल्यूशन, थरथरता कॅमेरा, अंधार, आवाज नसणं आणि हलती माणसं जवळपास नसणंच. यातली शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण यंत्रांची नक्कल जमते, पण माणसाचं चालणं, घाबरणं, पळणं गेमला अजून नीट जमत नाही. कंपनीने हेही कबूल केलं, की एक व्हिडिओ काढून टाकला तर रोज दहा नवे चढतात.

आणि हो, एआय पकडणाऱ्या टूलवर इथे विसंबू नका. हे फुटेज एआयने बनवलेलंच नाही. टूल 'एआय नाही' म्हणेल आणि आपण त्याला 'खरं' समजून बसू.

मग तपासायचं कसं?

'खरं दिसतंय का?' हा प्रश्न सोडून द्या. 'हे पहिल्यांदा कुठे आलं?' हा विचारा.

१. व्हिडिओ थांबवून स्फोटाच्या क्षणाचे दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका.
२. जुना अपलोड सापडला तर तारीख बघा. घटनेच्या आधीची तारीख असेल तर विषय संपला.
३. शीर्षकात किंवा वर्णनात 'आर्मा', 'सिम्युलेशन', 'गेमप्ले' लिहिलंय का बघा. मूळ बनवणारे बहुतेकदा लिहितात, पुढे ढकलणारा ते कापतो.
४. पीआयबी फॅक्ट चेकचं खातं बघा. त्या मे महिन्यात त्यांनीही गेमच्या क्लिप उघड्या पाडल्या होत्या.
५. काहीच सापडलं नाही तर? तरी व्हिडिओ खरा ठरत नाही. पुढे पाठवू नका, एवढंच.

त्या रात्री मी पहिल्या तीन पायऱ्या केल्या. तोच व्हिडिओ यूट्यूबवर कित्येक महिने आधीचा निघाला आणि खाली गेमचं नाव होतं. मावशीला लिंक पाठवली, तारखेवर बोट ठेवून दाखवलं. तेव्हा कुठे तिने मान्य केलं. मग म्हणाली, "अरे, मी हा त्याच्या युनिटमधल्या बाकीच्या बायकांनाही पाठवलाय की!" आणि फोन ठेवून एकेकीला कळवायला बसली.

दादाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मधल्या वेळात त्याचं काय झालं असेल, हे माझ्या लिंकने कळणार नव्हतंच. पण नसलेल्या विमानासाठी त्या घरांमध्ये रात्रभर जी घालमेल झाली असती, ती टळली.